एका दिवसाची रिकामी खोली

नांदेडला आमच्या घरावर दोन खोल्या चढवल्या आणि आम्ही घरमालक झालो. खोली बघायला पहिलं जोडपं आलं तेव्हा आमचे हे जिन्यातच त्यांना म्हणाले, "या, या, घर तुमचंच समजा." मी मागून यांचा शर्ट ओढला. जोडपं गेल्यावर हे चिडले.

"साधी बोलायची पद्धत आहे ती. त्यात काय बिघडलं?"

"किरायदाराला तसं म्हणायचं नसतं."

"कोणी सांगितलं?" असं यांनी विचारलं आणि लगेच वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. कोणी सांगितलं ते दोघांनाही ठाऊक होतं. राठोडकाकांचं नाव आमच्या घरात सहसा निघत नाही. निघालंच तर दोघांपैकी एकाला काहीतरी काम आठवतं.

धनसिंग राठोड हे हिंगोलीतले आमचे घरमालक. मूळचे सेनगावकडच्या एका बंजारा तांड्यावरचे, नोकरी एस.टी.त ड्रायव्हरची. नव्वदच्या दशकात आम्ही त्यांच्याकडे राहायला गेलो तेव्हा त्यांच्या निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. उंच, वाळकं शरीर आणि अंगात बारा महिने खाकी पँट. मी तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. दिवसभर कानाला हेडफोन, त्यामुळे माणसं मला चेहऱ्याआधी आवाजाने लक्षात राहतात. काकांचा आवाज घोगरा होता आणि प्रत्येक वाक्याआधी ते बारीकसे खाकरायचे. गिअर टाकल्याशिवाय वाक्य पुढे जात नसे.

त्यांची आमची पहिली भेटच उलटी झाली. आम्ही खोली बघायला गेलो, तर म्हणाले, "आमची नंतर बघा. आधी तुमची दाखवा."

"आमची कुठली?" हे गोंधळले.

"आता जिथं राहून राहिले ती."

आणि खरंच सायकल काढून आमच्या मागोमाग बाजारातल्या आमच्या जुन्या खोलीवर आले. चहाला बसले नाहीत. सरळ मोरीत गेले, वाकून पाहिलं. नळ उघडला, बंद केला, थेंब पडतो का म्हणून खाली तळवा धरून उभे राहिले. स्टोव्हमागची भिंत बघितली. मग भिंतीवरचे खिळे मोजले. सतरा निघाले.

"हे सगळे तुमीच मारले?"

"सहा आमचे," मी म्हणाले. "बाकी आधीच्यांचे."

हे उत्तर त्यांना आवडलं असावं, कारण पुढचा प्रश्न त्यांनी मलाच विचारला. "ताई, तुमच्यात भांडण झालं तर आवाज कोनाचा मोठा?"

"माझा," मी म्हणाले. यांनी माझ्याकडे रागाने पाहिलं.

"बराबर," काका म्हणाले. "कधी येता राहायला?"

एक प्रश्न त्यांनी विचारला नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. त्या काळी खोली शोधत फिरलं की पहिल्या घोटभर पाण्याबरोबर "तुमी कोनाचे पाव्हणे?" हा प्रश्न यायचाच. म्हणजे जात कुठली ते सांगा. काकांनी सात वर्षांत तो एकदाही विचारला नाही, ना आम्हाला, ना शेजारच्या खोल्यांत येणाऱ्या-जाणाऱ्यांना. त्याचं कारण त्यांच्या बायकोकडून कळलं. पारूबाई मिरच्या निवडता निवडता सहज सांगून गेल्या, "नोकरीला लागले त्या साली चार खोल्या बदलल्या यांनी. तांड्यावरचे हायेत हे कळलं की मालकाचा कुनीतरी पाव्हणा याचा राहायला, आन यांना खोली सोडाय लागायची. मंग यांनी ठरिवलं, आपन खोल्या बांधायच्या आन मानसाची मोरी बघायची, बाकी काई बघायचं न्हाई."

खोली ताब्यात देण्याचा त्यांचा सोहळा होता. एस.टी.ची गाडी हातात घेताना ड्रायव्हर चाकं ठोकून बघतो तसे ते दार, खिडक्या, कड्या बोटाच्या पेराने ठोकत हिंडायचे आणि आम्हाला मागे हिंडायला लावायचे. हातात वहीचा कागद. पंखा एक, बल्ब दोन, नळ एक, आतून कडी एक. खाली माझी सही, यांची सही, मग त्यांची. "गाडी घेताना जे बघितलं न्हाई," ते म्हणायचे, "ते गाडी सोडताना आपल्या अंगावर येतं. हे तुमच्यासाठी हाय, माझ्यासाठी न्हाई."

भिंतीला खिळा मारायला बंदी. पण नुसती बंदी घालून मोकळे होणाऱ्यांतले ते नव्हते. प्रत्येक खोलीत त्यांनी स्वतः सागवानी पट्टी ठोकून तिला दहा हुक बसवले होते. "मानसाला टांगायला जागा लागतेच," ते म्हणायचे. "ती मालकानं दिली न्हाई की तो भिंत फोडतो. मंग त्याच्यावर काहून ओरडायचं?" आता आमच्या दोन्ही खोल्यांत तश्शाच पट्ट्या आहेत.

मे महिन्यात ते शिडी लावून स्लॅबवर चढायचे आणि वीस-पंचवीस बादल्या पाणी ओतायचे. मग खाली येऊन आमच्या स्वयंपाकघरात मान वर करून उभे. मी पोळ्या लाटत असायचे आणि हे गृहस्थ छताकडे बघत पंधरा मिनिटं हलायचे नाहीत. "आभाळाच्या आधी मीच पाऊस पाडून घेतो," म्हणायचे. नळ गळतो म्हणून सकाळी सांगितलं तर संध्याकाळच्या आत नवा वायसर. एकदा ड्यूटीवरून परभणीहून थकून आले होते. मी म्हटलं, काका, उद्या बघा. तर पान्हा घेऊन मोरीत बसले सुद्धा. "तक्रार शिळी होऊ देऊ न्हाई, ताई. शिळी झाली की किरायदार नळाबद्दल बोलत न्हाई, मालकाबद्दल बोलतो."

आणि आत येण्याआधी दार वाजवून दोन पावलं मागे सरायचे, अंगणातल्या कडुलिंबाकडे तोंड करून उभे राहायचे. मी "या" म्हणेपर्यंत वळायचे नाहीत. "भिंती माझ्या," ते म्हणायचे, "आतला वारा तुमचा."

इतक्या नीटनेटक्या माणसाच्या घराला रस्त्यावरून दार मात्र नव्हतं. सगळ्यांनी मागच्या बोळातून यायचं. अंगणाच्या मधोमध एक उंच विटांची भिंत होती, कडुलिंबाच्या अर्ध्या फांद्या तिच्या पलीकडे गेलेल्या. पहिल्या वर्षी मी विचारलं, ही भिंत कशाला? पारूबाई उठून आत गेल्या. काका खाकरले.

भिंतीपलीकडे त्यांची पहिली खोली होती, रस्त्यावरची. ती त्यांनी एका शिंप्याला किरायाने दिली होती. "माझीच चूक," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी त्याला म्हनलो, घर तुमचंच समजा. आपल्यात म्हनतातच ना. कागद केला न्हाई. नऊ सालानं खोली मागितली, तर पंचांसमोर म्हनला, ह्यांनीच सांगितलं व्हतं तुमचंच समजा. मी समजलो."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"पंचांनी इचारलं, असं म्हनला व्हता का? वकील मागून चिमटा काढून राहिला, न्हाई म्हना, न्हाई म्हना. पन म्हनलो व्हतो ना, ताई. व्हय म्हनलो."

मी हसले. मला ते तेव्हा गंमतीचं वाटलं. शेवटी तडजोड झाली. रस्त्याकडची खोली आणि तिच्यापुढचं अंगण शिंप्याला गेलं, मध्ये भिंत आली आणि काकांना स्वतःच्या घरात मागच्या बोळातून यावं लागलं. त्यानंतर ते वाक्य त्यांच्या तोंडी परत आलं नाही. तांड्यावरून सोयरे आले तरी "बसा, चहा घ्या" एवढंच. पारूबाईंच्या तोंडून चुकून निघू लागलं की काका इतक्या जोरात खाकरायचे की त्या अर्ध्यावर थांबायच्या.

आणि त्यानंतरच त्यांनी तो दिवस सुरू केला.

करार अकरा महिन्यांचा. तसे सगळेच करतात. पण अकरा महिने संपले की येणाऱ्या पहिल्या रविवारी काकांची खोली खरोखर रिकामी करावी लागायची. पलंग, डबे, देव, गॅस, सगळं बाहेर कडुलिंबाखाली. मग काका चुना कालवायचे, त्यात चिमूटभर नीळ टाकायचे, आणि कुंचला घेऊन एकटेच आत शिरायचे. रंग झाला की कुलूप लावून, दोनदा ओढून बघून, चावी खिशात. त्या दिवशी आमचं जेवण पारूबाईंकडे, झोपणं अंगणात. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दारात उभे राहून विचारायचे, "खोली पाहिजे व्हती का कुनाला?" आम्ही म्हणायचो, हो, आम्हाला. मग पारूबाई हातावर गूळ ठेवायच्या, नवा कागद, नव्या सह्या, आणि चावी परत.

पहिल्या वर्षी मला लाजेने मेल्यासारखं झालं. आपले कळकट डबे सगळ्या जगासमोर मांडून बसायचं म्हणजे काय! दुसऱ्या वर्षापासून मी त्या रविवारची वाट बघू लागले. वर्षाची अडगळ निघायची, भिंती निळसर पांढऱ्या व्हायच्या. तिन्ही खोल्यांचे दिवस वेगवेगळे आणि ज्याचा दिवस असेल त्याच्या सामानाची चेष्टा करायला बाकीचे हजर.

सहा वर्षं असं चाललं. मग हिंगोली जिल्हा झाला.

परभणीतून सुटून आमचं गाव एकदम जिल्ह्याचं ठिकाण झालं. नवी कार्यालयं आली, साहेब आले, साहेबांना घरं पाहिजेत. ज्या खोलीकडे कुत्रं बघत नव्हतं तिला मागाल तो किराया मिळू लागला. शेजारच्या गल्लीत जुन्या किरायदारांना महिन्याची मुदत देऊन काढलं. काकांनी मात्र आमच्यापाशी किरायाचा विषयसुद्धा काढला नाही. त्याच वर्षी माझ्या सासूबाईंचं उजवं अंग लुळं पडलं. त्यांची खाट आमच्या खोलीत, मी दुपारपाळीला, हे शाळेत. अंगात त्राण नसायचं आणि डोक्यात भीती. त्यातच एक गोरे, चष्मेवाले साहेब दोनदा काकांकडे येऊन गेले. दोन्ही वेळा आमच्या दाराकडे बोट करून बोलले. मी खिडकीतून पाहिलं. ऐकू काही आलं नाही. जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं जोडून दिलं, पण त्या दिवशी पंधरा पावलं चालून जाऊन "काका, कोण होते?" एवढं विचारलं नाही.

यांच्या शाळेतल्या कोणीतरी यांना शिकवून ठेवलं होतं. बाहेर निघालात की संपलं. ताबा सोडू नका.

त्या रविवारी सकाळी काका चुन्याची बादली आणि कुंचला घेऊन आले. दार वाजवून दोन पावलं मागे सरले. मी दारात गेले, "या" म्हणाले नाही.

"काका, यंदा राहू द्या. आईंना हलवता येत नाही."

"त्याचा इचार केलाय मी," ते म्हणाले. "आमच्या घरात खाट टाकली हाय. आपन चौघं मिळून उचलू, तकलीफ व्हनार न्हाई. पारूनं गादीबी उन्हात घातली काल."

मागून हे आले. "काका, स्पष्टच बोलतो. आम्ही बाहेर निघालो की तुम्ही कुलूप लावणार आणि खोली त्या साहेबाला देणार. आम्ही खोली सोडणार नाही. कायदा आम्हालाही कळतो."

काकांनी बादली खाली ठेवली. मग खाकरले.

"गुरुजी, सहा साल झाले. सहाबी साली चावी दिली ना मी परत?"

"दिली," हे म्हणाले. "तेव्हा जिल्हा नव्हता."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं असेल, ही काहीतरी बोलेल. भांडणात आवाज हिचा मोठा. मी खाली बादलीकडे बघत उभी राहिले. पांढऱ्या चुन्यावर निळीची रेघ अजून विरघळायची होती.

ते बादली उचलून परत गेले. ओरडले नाहीत, नोटीस नाही, वकील नाही. दुसऱ्या दिवशी यांनी नवा कागद पुढे केला तर त्यावर सही करून दिली. पुढच्या मे महिन्यात स्लॅबवर पाणीही ओतलं. पण खाली आमच्या स्वयंपाकघरात आले नाहीत. बाहेरूनच विचारलं, "गळतंय का?" मी म्हणाले, नाही. एका कोपऱ्यात गळत होतं.

पावसाळ्यात ते चष्मेवाले साहेब टेलिफोनच्या अर्जासाठी आमच्या एक्स्चेंजमध्ये आले. मला ओळखून म्हणाले, "तुम्ही राठोडांकडे राहता ना? विचित्र माणूस बुवा. दुप्पट किराया देत होतो. म्हणाला, ती खोली गुरुजींची हाय. सालाचा रंग देऊन त्यांनाच द्यायची हाय. दुसऱ्यांदा गेलो तर पाणीसुद्धा न विचारता वाटेला लावलं."

मी अर्ज घेतला, शिक्का मारला, पोच दिली. घरी येऊन यांना सांगितलं. यांनी वर्तमानपत्र घडी करून ठेवलं. मग म्हणाले, "आता बदलीचा अर्ज केलेलाच आहे. कशाला उकरायचं?" मला तेच ऐकायचं होतं, हे कबूल करते. त्यानंतर तीन महिने आम्ही तिथे राहिलो. काका रोज सकाळी अंगणात दिसायचे. रोज मी ठरवायचे, उद्या बोलू.

खोली सोडली त्या दिवशी काका कागद घेऊन आले. पंखा एक, बल्ब दोन, नळ एक. सगळं ठोकून झालं. खाटेजवळच्या भिंतीत एक खिळा निघाला. सासूबाईंच्या औषधांची पिशवी त्यांच्या डाव्या हाताशी यावी म्हणून आम्ही तो मारला होता. पट्टीपर्यंत त्यांचा हात पोचत नव्हता. मी ते सांगायला तोंड उघडलं. काकांनी पकडीने खिळा काढला, खिशातल्या पुडीतला ओला चुना अंगठ्याने भोकात दाबला आणि म्हणाले, "म्हातारीला जपा." सात वर्षांत आमच्याकडून झालेला हा एकच खिळा.

तेव्हा मला कळलं नव्हतं ते आता घरमालकीण झाल्यावर कळतं. अकरा महिने तो माणूस आमच्यावर विश्वास ठेवायचा. त्याचं घर आमच्या ताब्यात, चावी आमच्या कमरेला. त्याच्या बदल्यात त्याने एकच दिवस मागितला होता, आम्ही त्याच्यावर विश्वास ठेवायचा. तेवढा एक दिवस आमच्याच्याने निघाला नाही.

पाच-सहा वर्षांनी औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेले होते. परतताना वाट वाकडी करून हिंगोलीत उतरले. हे बरोबर नव्हते, येतो म्हणाले नाहीत. मागच्या बोळातून आत गेले. दार उघडंच होतं. काका कडुलिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते, डोळ्यांवर ऑपरेशननंतरचा जाड चष्मा. मी "काका" म्हणताच मान वळवून म्हणाले, "एक्स्चेंजवाली ताई."

पारूबाई वर्षापूर्वी गेल्या होत्या. चहा त्यांनी स्वतः केला, साखर जास्त पडली. तिन्ही खोल्यांना कुलपं होती.

"किरायदार?"

"ठिवत न्हाई आता."

मी उठून उभी राहिले. बसून बोलता येईना. "काका, ते साहेब मला भेटले होते. त्यांनी सगळं सांगितलं. आम्हाला तेव्हाच कळलं होतं. तरी आम्ही…"

"जाऊ द्या," ते म्हणाले. मग चावी घेऊन उठले आणि आमच्या खोलीचं कुलूप काढलं.

आत काहीच नव्हतं. भिंती निळसर पांढऱ्या, ताज्या. पट्टीला दहा हुक. खाटेजवळची भिंत सपाट, खिळ्याची जागा कुठे होती ते शोधूनही सापडलं नाही.

"रंग दर साली देतो," काका म्हणाले. "लई लोक येतात खोली मागायला. चांगले असतात. पन त्यांना सालाचा कागद सांगायची येळ आली की…" ते खाकरले. "एक दिवस बाहेर निघा, असं म्हनायची हिंमत न्हाई राह्यली, ताई. लोकांना भेव वाटतं. उगी कशाला घालायचं भेव?"

मी रडले. त्यांनी रडू दिलं, कडुलिंबाकडे तोंड करून उभे राहिले.

निघताना ते बोळाच्या दारापर्यंत आले. मी वाकून नमस्कार केला. डोक्यावर हात ठेवून, मध्ये न खाकरता, अगदी सहज म्हणाले, "येत जा. घर तुमचंच समजा."

या वाक्याला आपल्याकडे उत्तर ठरलेलं आहे. "हो, हो, आपलंच आहे," असं म्हणायचं आणि निघायचं. कुणीही म्हणतं. माझ्या तोंडून ते निघालं नाही.

बोळाच्या टोकाला जाऊन मी वळून पाहिलं. दार उघडं होतं आणि आत काका आमच्या खोलीचं कुलूप ओढून बघत होते. एकदा, आणि मग परत एकदा.